इंजिनवाल्या आजोबांचा फोटो

मेडनहेडच्या त्या घरात मी राहिले तोवर एकदाही टेबलाशी बसून जेवले नाही. टेबल होतं, चांगलं सहा माणसांचं होतं, पण त्यावर काकांचे आजोबा पसरलेले असायचे. आजोबांचे फोटो, त्या फोटोंचे प्रिंट, रेल्वेचे जुने नकाशे, नातेवाइकांकडून उकळलेले कागद, आणि उडू नयेत म्हणून वर ठेवलेला वरवंटा. मी माझा आमटीभात घेऊन जिन्यात बसायचे. "तेलाचा डाग पडला की संपलं," काका म्हणायचे, "हे कागद पुन्हा मिळायचे नाहीत." जिन्यात आमटी पार गार व्हायची, पण त्याचं कोणाला काय!

काका म्हणजे माझे घरमालक. नात्यातले कोणी नव्हेत. ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली म्हणून मी पुण्याहून इंग्लंडला आले, मराठी मंडळाच्या ग्रुपवर खोलीसाठी मेसेज टाकला, आणि पहिला फोन यांचा. मी स्वयंपाक करते का, उशिरा येते का, काही विचारलं नाही. विचारलं काय, तर "तुमच्या घरात कोणी रेल्वेत होतं का?" मी म्हटलं, नाही. "अरेरे," ते म्हणाले, "बरं, ये तरी." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ऐंशीच्या घरातला काटक माणूस. नाही म्हणायला फक्त कान मोठे, दोन्ही बाजूंना सुपासारखे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, ड्रेनेजचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम हातात घेतलं: आपल्या आजोबांची रेल्वेतली कारकीर्द शोधून काढायची. हे आजोबा हॉलमध्ये फायरप्लेसच्या वर होते. हाताने रंगवलेला मोठा फोटो. खुर्चीत ऐटीत बसलेला माणूस, डोक्यावर टोपी, पितळी बटणांचा कोट, गुडघ्यांवर हात. भुसावळला इंजिन ड्रायव्हर, मेल चालवायचे, असं काका घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगायचे. त्या बिचाऱ्याने "लव्हली" म्हटलं की त्याला चहा, आणि चहाबरोबर नकाशे. रोज आंघोळ झाली की काका फोटोला फूल वाहत. हिवाळ्यात बागेत फूल नसलं तर सुपरमार्केटमधून आणत, आणि उरलेला गुच्छ मला देऊन म्हणत, "घे, तुझ्या खोलीत ठेव, उगीच वाया नको."

त्यांचा एक शब्द मला अजून झोपेत ऐकू येतो. पुरावा. "काका, दूध संपलंय." "पुरावा?" मग मी रिकामी बाटली आणून दाखवायची. "काका, बॉयलर बंद पडलाय." "पुरावा?" एकदा ऐन जानेवारीत मी इतकी चिडले की म्हटलं, थांबा, नळाच्या गार पाण्याची बादली ओतते तुमच्या डोक्यावर. त्यांना मुळीच राग आला नाही. "तो प्रत्यक्ष पुरावा झाला," म्हणाले, आणि आपल्याच खुशीत हसत बसले. मी गार पाण्याने तोंड धुऊन ऑफिसला गेले.

पण हाच माणूस आजोबांच्या बाबतीत काय करायचा, ऐका. एका शनिवारी मला लंडनला घेऊन गेले. जुन्या रेल्वेच्या नोंदी बघायला. "तू आयटीतली, तुला पटकन कळेल." शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या अक्षराचा आणि आयटीचा काय संबंध, हे मी विचारलं नाही, कारण विचारून उपयोग नसतो. तिथे आत खायला नेता येत नाही, तर यांनी दारावरच्या बाईंशी दशम्यांवरून वाद घातला. पूर्ण कोरड्या आहेत, डाग पडत नाही, हवं तर हात लावून बघा. बाईंनी हात लावून बघितला नाही. मी मान खाली घालून उभी. शेवटी दशम्या लॉकरमध्ये गेल्या आणि आम्ही आत.

दिवसभर डोळे फोडल्यावर आजोबांच्या नावाची माणसं सापडली. माणसं! एक नाही, चांगली पाच-सहा. त्या काळी लिहीत फक्त नाव आणि बापाचं नाव, आडनावाचा पत्ता नाही. एक रुळावर काम करणारा गँगमन, एक सांधेवाला, दोन आगवाले, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन, आणि एक ड्रायव्हर. काकांनी क्षणभरही विचार न करता ड्रायव्हरवर बोट ठेवलं. "हेच."

"कशावरून?" मी म्हटलं. आता माझी पाळी होती. "पुरावा?"

"घरी फोटो आहे की. टोपी नाही दिसत?"

म्हणजे फोटोवरून कागद खरा, आणि कागदावरून फोटो खरा. मी कपाळावर हात मारला. मंडळाच्या गणपतीत कोणी आपल्या गावाबद्दल काही बोललं तर हे भर आरतीच्या रांगेत त्याची उलटतपासणी घ्यायचे, आणि इथे बघा.

नातेवाइकांनी तर यांच्यापुढे हात टेकले होते. नाशिकच्या एका नव्वदीच्या आत्यांना ते दर रविवारी व्हिडिओ कॉल लावत. "आत्या, टोपीला पट्टी कुठल्या रंगाची होती?" पलीकडून आत्यांच्या कपाळाचा अर्धा भाग दिसायचा आणि आवाज यायचा, "मेल्या, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याचं विचार की आधी!" काका म्हणायचे, "हो, हो. कसा आहे गुडघा? आणि पट्टी?"

सर्वपित्रीला त्यांनी पहाटेपासून वडे तळले, खीर केली, इंजिनवाल्या आजोबांना दाखवली आणि पान गॅरेजच्या छपरावर ठेवलं. कावळे मेडनहेडलाही आहेत, पण त्यांना या पद्धतीची सवय नाही. तासभर आम्ही उपाशी. शेवटी शेजारचं मांजर आलं आणि वडा घेऊन गेलं. "आजोबांना मांजरं फार आवडायची," काका गंभीरपणे म्हणाले, "चला, जेवायला बसा." मी आणि जुई जिन्यात जाऊन इतक्या हसलो की माझी खीर सांडली.

जुई म्हणजे त्यांची नात, मुलीची मुलगी. आईवडील अॅबर्डीनला. रेडिंगला शिकायला आली तेव्हापासून ती आजोबांकडेच राहायची. इथेच जन्मलेली, मराठी बोलायची पण बोलताना स्त्रीलिंग-पुल्लिंगाची पार भेळ. काका जगातल्या सगळ्यांच्या चुका काढत, तिच्या मात्र नाहीत. ती आली की टेबलाचा एक कोपरासुद्धा रिकामा व्हायचा. मला कधी झाला नाही.

एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता ती म्हणाली, "आजोबा, मी ऑफिस सोडलं. मला नवीन जॉब मिळाली. ट्रेन ड्रायव्हर. ट्रेनिंग क्रॉयडनला आहे."

मला वाटलं, आता हा माणूस उठून नाचणार. मी मोबाइल हातात घेतला होता, व्हिडिओ काढायला!

काकांनी टोस्ट खाली ठेवला. "म्हणजे मॅनेजमेंटमध्ये?"

"नाही. ड्रायव्हर. मी चालवणार."

"तू मास्टर्स केलंयस."

"हो ना. पण मला ते आवडत नाही, स्प्रेडशीट. हजार लोकांनी अप्लाय केला होता, आजोबा. टेस्ट किती हार्ड असते माहितीये?"

"इंजिनावर जायला शिकवलं तुला आम्ही? हात काळे करून घ्यायला? आईला काय सांगू तुझ्या?"

माझ्याच्याने राहवलं नाही. "अहो काका, त्या भिंतीवर कोण बसलंय? रोज फूल कोणाला घालता?"

"तो काळ वेगळा होता. आणि तू मध्ये पडू नकोस. तू भाड्याने राहतेस इथे." मग जुईकडे वळून म्हणाले, "गाडीच चालवायची असेल तर या घरात यायचं नाही."

मुलगी रडली नाही, भांडली नाही. वर गेली, बॅग भरली. दारात मात्र म्हणाली, "तुम्ही स्वतः येऊन बोलवा. तोपर्यंत मी नाही येणार." मग क्रॉयडनला एका मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये खोली घेतली आणि आली नाही ती नाहीच.

पुढचे कित्येक महिने मी पोस्टमन. संध्याकाळी मी दमूनभागून आले की काका पेपरमागून विचारायचे, "क्रॉयडनला पाऊस आहे का?" मी म्हणायचे, फोन करून विचारा की. "मी हवामानाचं विचारतोय." रात्री तिचा मेसेज यायचा, "आजोबा बीपीचा गोळी घेतात ना? मी विचारला सांगू नको." एक इथे फुगून बसलेला, एक तिथे. माझ्या डोक्याला नुसता ताप. पण खरं सांगायचं तर मला भीतीही वाटायची. ऐंशीच्या घरातला माणूस, एकदा बाथरूममध्ये घसरून खांदा सुजवून घेतलेला. एक दिवस मलाच तिला फोन करून काही भलतंच सांगावं लागेल, आणि यांचं शेवटचं बोलणं ते टोस्टवरचं असेल. काकांना हे मी तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "खांदा बरा आहे आता." आणि नकाशात डोकं घातलं.

अशात भुसावळहून फोटो आला. काकांनी सगळ्या भाऊबंदांना छळून छळून जुने अल्बम उघडायला लावले होते. त्यातल्या एका चुलतभावाच्या सुनेने ट्रंकेच्या तळाशी सापडलेला एक छोटा फोटो मोबाइलवर पाठवला. भिंतीवरचा मोठा फोटो ज्यावरून केला तो हाच. तीच खुर्ची, तोच कोट, तीच टोपी. पण या फोटोत दोन माणसं होती. बसलेल्याच्या मागे दुसरा एक उभा, डोक्याला फडकं, हातात तेलकट चिंध्यांचा बोळा, अंगातला सदरा काळा पडलेला.

"हा कोण?" मी विचारलं.

"असेल कोणी खलाशी. आजोबांच्या हाताखालचा." काकांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. "तू तेवढा बसलेल्यांचा भाग मोठा करून दे. बटणांवरची अक्षरं हवीत."

मी स्क्रीनवर फोटो मोठा केला, आणि त्या उभ्या माणसाचे कान दिसले, दोन्ही बाजूंना सुपासारखे. काय बोलणार? दोन दिवस मूग गिळून राहिले. पण भुसावळच्या सुनेने फोटो घरच्या ग्रुपवरही टाकला होता, आणि त्या ग्रुपवर जुई होती. मी भाजी चिरत होते, फोन स्पीकरवर होता, काका शेजारी चहा गाळत होते, आणि जुईचा खणखणीत आवाज आला, "अगं, तो फोटो बघितला मी. माझे आजोबा मागे का उभा आहे? फॅन्सी ड्रेस होता का?"

काकांच्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा कपाबाहेर गेला. जुई पलीकडून हॅलो हॅलो करत राहिली. मी फोन बंद केला आणि वाट बघितली, की आता हे म्हणतील, पुरावा? पण त्यांनी ओटा पुसला आणि वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर टेबल रिकामं. कागद नाहीत, नकाशे नाहीत, वरवंटा स्वयंपाकघरात. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते टेबल, पण त्या दिवशीही मी ताट घेऊन जिन्यातच बसले. फोटोला फूलही नाही. मला वाटलं, माणूस खचला. मीच तो फोन स्पीकरवर का ठेवला, असं झालं.

रविवारी सकाळी काका कोट-टोपी घालून खाली आले आणि टेबलाची एक खुर्ची उचलली. "चल. क्रॉयडनला जायचंय."

"आणि खुर्ची?"

"तिच्याकडे धड खुर्ची नसणार."

"काका, क्रॉयडनला खुर्च्या मिळतात!"

"असल्या मिळत नाहीत."

आता तुम्हीच सांगा, ऐंशीच्या घरातला माणूस आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेऊन ट्रेनमधून कोण जातं? मेडनहेड स्टेशनवर तिकिटाच्या फाटकातून ती जाईना, म्हणून तिथल्या माणसाने रुंद फाटक उघडलं. गाडीत जागा होती, तरी काका आपल्याच खुर्चीवर दाराशी बसले. लंडनमध्ये गाडी बदलताना सरकत्या जिन्यावर तिचा पाय एका बाईंच्या बॅगेत अडकला. सॉरी मी म्हणायचं. लिफ्ट शोधायची मी. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून देवाचा धावा करायचा मी. मी इतकी वैतागले होते, की काकांचा चेहरा कसा पडलाय हे क्रॉयडन येईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

जुईने दार उघडलं. आधी खुर्ची बघितली, मग त्यांना. ती बाजूला झाली. लहानशी खोली, कपाटाच्या दाराला युनिफॉर्म टांगलेला. तिची शेवटची परीक्षा झाली होती आणि सोमवारपासून ती एकटीने गाडी चालवणार होती. हे मला माहीत होतं. काकांना नव्हतं.

काका पलंगाच्या कडेवर बसले. युनिफॉर्मकडे बघत होते.

"तो मोठा फोटो घरी आला तेव्हा मी लहान होतो," ते म्हणाले. "आजोबा जाऊन वर्ष झालं होतं. बाबांनी छोटा फोटो देऊन मोठा करायला सांगितला. आता फोटोवाल्याला काय माहीत! त्याने पुढे बसलेला ड्रायव्हर मोठा केला. बसलेला तोच मालक, असंच कोणालाही वाटणार. बाबांनी फ्रेमवरचा कागद फाडला आणि बघतच राहिले. आई म्हणाली, अहो, हे मामंजी नाहीत, परत पाठवा. बाबा म्हणाले, राहू दे. हा बरा दिसतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" माझा आवाज चढला. "पहिल्यापासून? मग माझे इतके शनिवार-रविवार? त्या आत्यांचा गुडघा?"

"वाटायचं, कुठेतरी एखादा कागद निघेल आणि बाबा खरे ठरतील." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "बाबा पोस्टात क्लार्क झाले होते. आगवाल्याचा मुलगा म्हणवून घ्यायची त्यांना लाज वाटायची. मग मलाही वाटायला लागली. जुई, तू इंजिनावर जाते म्हणालीस, आणि मला ते काळे झालेले हातच दिसले बघ. तुझे."

जुई त्यांच्या शेजारी बसली आणि आपले दोन्ही हात त्यांच्यापुढे उलटेसुलटे करून दाखवले. "काळा नाही होत आजोबा. कोळसा नाहीये आता. एसी असतो."

काका हसले नाहीत. "माझ्या आजीला तोवर दिसेनासं झालं होतं," ते म्हणाले. "बाबांनी फ्रेम तिच्या हातात दिली. तिने काचेवरून हात फिरवला आणि विचारलं, बसलेत का उभे आहेत? बाबा म्हणाले, बसलेत, आई. ती म्हणाली, बरं झालं. जन्मभर उभेच होते."

मला तिथे उभं राहवेना. मी उगीच खिडकीशी गेले. खाली ट्रॅम चालली होती. माझा सगळा राग कुठे गेला कळलं नाही, आणि त्याचाही मला राग आला. जुईने डोळे पुसले आणि कपाटाकडे बोट दाखवून विचारलं, "मग आपल्या घरात ड्रायव्हर कोण होता?"

"कोणी नाही," काका म्हणाले. "तूच पहिली. घरी चल, जुई. मी बोलवायला आलोय. आणि आधी तो कोट घाल."

ती कोट घालून आली. काकांनी खुर्ची खिडकीसमोर ठेवली, रुमालाने झटकली, तिला बसवलं. हात गुडघ्यांवर ठेवायला लावले. हनुवटी वर. नाही, एवढी नाही. मला म्हणाले, "तू आयटीतली ना, फोटो काढ. बटणं दिसली पाहिजेत." मी काढला, तर ते बघून म्हणाले, उजेड डावीकडून हवा. पुन्हा खुर्ची हलवली. पुन्हा हनुवटी. माझा हात दुखायला लागला. शेवटी मीच म्हटलं, "काका, तुम्ही पण या ना फोटोत. थांबा, आतून एक स्टूल आणते तुम्हाला बसायला."

"नको, नको," ते म्हणाले. "मी उभाच बरा." आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.